लोहाऱ्याची डॉक्टरीन

"खोका," डॉक्टर ज्ञानेश्वरी म्हणाली. टेबलावरची बाई खोकली, आणि तो खोकला घरचा निघाला. आधी घसा साफ केल्याचा खाकरा, मग दोन तुटक ठसके, मग एक लांबलचक, आणि शेवटी जगावर उपकार केल्यासारखा सुस्कारा. लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे हा खोकला भिंतीपलीकडून यायचा आणि त्याच्याच भरवशावर ज्ञानेश्वरीनं घड्याळाला गजर लावणं सोडून दिलं होतं. आता तोच खोकला धाराशिवच्या घरापासून एक आख्खा तालुका ओलांडून, लोहाऱ्याच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, बाकं जोडून वर गादी टाकून केलेल्या टेबलावरून आला होता. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज अर्धी सोडलेली होती. भिंतीवर पचनसंस्थेचा तक्ता होता आणि त्याच्यातला माणूस पोट उघडं टाकून निवांत हसत होता. हातमोज्यातल्या बोटांनी काम थांबवलं नाही. बोटं शहाणी होती, ती कुणाची सून नव्हती. डोकं मात्र बाजूला जाऊन खिडकीपाशी उभं राहिलं आणि बाहेर लिंबाखाली बसलेल्या बायांकडं बघायला लागलं, जणू त्यांच्यात कुठं सासूबाई, म्हाळसाबाई, बसलेल्या दिसल्या तर ही टेबलावरची दुसरी कुणीतरी ठरणार होती.

तोंड बघून खात्री करावी म्हटलं तर तोंड उपलब्ध नव्हतं. इकडच्या बाया तपासायला आडव्या झाल्या की पहिल्यांदा पदर तोंडावर ओढून घेतात. बाकी सगळं डॉक्टरच्या स्वाधीन, तोंड तेवढं आपलं. दक्षिणेतल्या ज्या मोठ्या दवाखान्यात ज्ञानेश्वरी हे काम शिकली तिथं तिला सांगितलं होतं, की तपासताना पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलावं, धीर येतो. इथं डोळ्यांच्या जागी लुगड्याचा काठ असायचा. ती काठाशी बोलायला शिकली. काठालाही धीर येतो, हे तिच्या लक्षात आलं. त्याचा एक परिणाम असा झाला, की निम्म्या जिल्ह्यातल्या बायांना ती आतून ओळखत होती आणि वरून कुणालाच नाही. बाजारात एखादी बाई समोरून येऊन, हात धरून, "बाई, आता कसं निवांत हाय बघा," म्हणायची, आणि ही हसून मान डोलवत मनातल्या मनात तिच्या टाचांकडं बघायची. टाचा बघितल्या की मग सगळं आठवायचं, बाळंतपणांसकट. कागदावर या बाईचं नाव कडूबाई लिहिलेलं होतं, गाव वाशी. ज्ञानेश्वरीच्या आईचंही नाव कडूबाई, गाव वाशी. मघाशी ते वाचून ती मनात म्हणाली होती, वाशीत कडूबाया काय कमी आहेत, आणि पुढं गेली होती. आता तिनं टाचांकडं बघितलं. डाव्या टाचेला ती जुनी भेग होती, जिच्यात दिवाळीच्या आधी तिनं स्वतः बाजारातून आणलेलं मलम भरलं जात होतं. म्हणजे नाव सांगायची वेळ आली तेव्हा म्हाळसाबाईंनी विहिणीचं नाव पुढं केलं होतं. अंग बाहेर आलंच असेल तर ते विहिणीचं येऊ दे, आपल्या घराण्याला कशाला बट्टा.

आणि खरं सांगायचं तर ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा तिला राग आला, तोही आईच्या बाजूनं, कारण तिच्या आईचं सगळं जागच्या जागी होतं. त्याच्या मागोमाग जो आला तो अपमान. ही डॉक्टर ज्ञानेश्वरी. बायांच्या ओटीपोटाखालच्या दुखण्यांची जिल्ह्यातली पहिली आणि अजून तरी एकटी. ज्या दुखण्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, खोकताना लघवी होते, अंग खाली उतरतं, बसता येत नाही, उठता येत नाही, ते दुखणं हिनं गावोगाव जाऊन बोलतं केलं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण बाया अजून 'ते' म्हणायच्या. हिनं त्या 'ते'ला पुन्हा त्याचं नाव दिलं. पहिलं शिबिर इथंच, लोहाऱ्यात झालं होतं. बोर्ड छापणाऱ्या धनाजीला सांगितलं, गर्भाशय खाली येणे, लघवी न थांबणे असं सरळ लिहा. धनाजी लाजला. चौकात बोर्ड लागणार, त्याच्या शेजारी आमदारांच्या वाढदिवसाचा बोर्ड, असं कसं लिहायचं. त्यानं रात्रभर विचार करून बोर्डावर लिहिलं, 'महिलांसाठी सुवर्णसंधी'. खाली तारीख आणि ज्ञानेश्वरीचा फोटो. बाया पिशव्या घेऊन आल्या. त्यांना वाटलं साड्यांचा सेल आहे. शाळेचं मैदान भरलं, आणि ज्ञानेश्वरीनं माईक घेऊन साडी नसल्याचं आणि काय आहे त्याचं सविस्तर सांगितलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आता आलोच हाव तर दाखवून जाऊ." त्या दिवशी ती उभ्या उभ्या अंधार पडेपर्यंत तपासत राहिली. तेव्हापासून बोर्डावर तेच लिहिलं जातं. तिला 'सुवर्णसंधीवाल्या म्याडम' म्हणतात, आणि तिला त्या नावाचा जेवढा अभिमान आहे तेवढा भिंतीवरच्या एकाही प्रमाणपत्राचा नाही. जळकोटच्या एका बाईनं अंग वर राहावं म्हणून आत रबरी चेंडू बसवला होता, कित्येक वर्षं. "चेंडू कुणाचा?" "पोराचा. त्याला सांगितलं, गटारीत गेला." तो पोरगा आता दोन लेकरांचा बाप होता. ज्ञानेश्वरीनं चेंडू काढला, जखमा भरल्या, सिलिकॉनची रिंग बसवून दिली आणि सांगितलं, महिन्याला धुऊन परत घालायची. बाईनं ती धुतली, पण घालायच्या आधी देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं, कारण जी आपल्याला धरून ठेवते तिला तसंच कसं वापरायचं. असल्या बायांनी हिच्यावर विश्वास टाकला होता. आणि जिच्याबरोबर ही एका चुलीवरचं खात होती, ती बाई पदराखाली आपल्या विहिणीच्या नावानं झोपली होती.

"मावशी," ज्ञानेश्वरी काठाला म्हणाली, "कधीपासून आहे हे?"

काठ हनुवटीखाली अजून घट्ट ओढला गेला. मग आतून आवाज आला, पण तो म्हाळसाबाईंचा नव्हता. नाटकातल्या म्हातारीसारखा चिरका, नाकातून काढलेला. म्हाळसाबाई आवाज बदलून बोलत होत्या.

"धाकट्याच्या टायमापासून," तो आवाज म्हणाला. "लई मोठ्या डोक्याचं लेकरू. आजून बी हाय."

धाकटा म्हणजे रणधीर. म्हणजे या केसचं मूळ कारण ज्ञानेश्वरीचा नवरा होता, जो आत्ता धाराशिवच्या कॉलेजात पोरांना माती परीक्षण शिकवत असेल आणि ज्याच्या टोपीचं माप दुकानात कधीच मिळत नाही. तिनं हे मनात नीट नोंदवून ठेवलं, पुढच्या भांडणासाठी. "बाळंतपणानंतर आराम?" "आराम? पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिशी हिरीवर पानी वढाया गेले." "आणि एवढी वर्षं काय करत होता?" "काय करायचं, हातानं सारायचं आन् बसायचं. सवय झाली म्हंजी काय आवघड न्हाय." ज्ञानेश्वरीला एकदम घरातल्या म्हाळसाबाई दिसल्या. जमिनीवर बसताना आधी एक हात टेकून, जरा थांबून, कुशीवर कलून मग बसणाऱ्या. सगळे म्हणायचे, सासूबाईंचं बसणं कसं ऐटीत, पाटलीणबाईसारखं. ती स्वतःही तेच म्हणत आली होती. रोज डोळ्यांसमोर ती ऐट बघून दवाखान्यात जायची आणि तिथं बायांना विचारायची, बसताना त्रास होतो का.

एकदा मात्र तिला शंका आली होती. दक्षिणेतून शिकून नवीनच परत आलेली, ज्ञान ओसंडत होतं. घरात तिच्या कामाचं नाव काढायची सोय नव्हती. सासरे, गोरोबा, तेव्हा होते. त्यांना कुणी विचारलं, सून कशाची डॉक्टर, की ते छाती काढून सांगायचे, "हाडाची." आवाजात खोटेपणा नव्हता. जी गोष्ट तोंडून काढता येत नाही तिच्या जागी जवळची दुसरी ठेवायची, एवढंच. त्यामुळं रविवारी ओसरीवर गुडघे धरून माणसं बसलेली असायची आणि ज्ञानेश्वरीनं आयुष्यात शिकली नव्हती तेवढी हाडं त्या ओसरीवर तपासली. तर एकदा सगळे जेवायला बसलेले असताना, सासरे, रणधीर, वाशीहून आलेले तिचे वडील आण्णासाहेब, अशा सगळ्यांच्या देखत तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "आई, तुम्हाला खाली काही उतरल्यासारखं वाटतं का?" म्हाळसाबाईंचा घास हातातच राहिला. आण्णासाहेबांनी पाणी मागितलं. रणधीर ताटातल्या कांद्याकडं असा बघत बसला, जसा कांदा आता काही सांगणार आहे. दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाईंनी पिशवी भरली आणि लेकीकडं गेल्या, त्या संक्रांत होऊन, शिमगा होऊन, उन्हाळा लागल्यावर परत आल्या. त्यानंतर त्या विषयाचं नाव ज्ञानेश्वरीनं घरात काढलं नाही. बाहेर माईकवर काढलं, शाळांमध्ये काढलं, एकदा तर आकाशवाणीवर काढलं. घरात नाही. आता ती खिडकीपाशी उभ्या असलेल्या आपल्या डोक्याला विचारत होती, की पदर उचलायचा का. उचलला, की ही बाई उठून जाणार. लेकीकडं नाही, कुठंतरी अजून लांब. आणि जायची ती ही जखम घेऊन जाणार.

कारण जखम होती. बाहेर आलेलं अंग वर्षानुवर्षं लुगड्यावर घासून पुढच्या बाजूला रुपयाएवढं सोललं होतं, आणि तिथून रक्त येत होतं. ज्ञानेश्वरीनं उजेड जवळ ओढला. कडा मऊ होत्या, तळ स्वच्छ, हाताला कुठं कडक लागत नव्हतं. तिच्या बोटांना अशा जखमा पाठ होत्या. घासल्याची जखम, नुसती घासल्याचीच. तरीही तुकडा तपासायला पाठवायचा, हा नियम तिनं जिल्ह्यातल्या कुठल्याच बाईसाठी मोडला नव्हता.

"रक्त कधीपासून?"

"आवसंच्या आदीपासून," पदर म्हणाला. मग थोडं थांबून, हळू, म्हाळसाबाईंच्या स्वतःच्या आवाजात, कारण भीतीत सोंग ठेवायला बाई विसरली, "बाई, ह्ये मोठं दुखनं तर न्हाय ना?"

तो आवाज ऐकल्यावर ज्ञानेश्वरीनं उजेड उगाच अजून जवळ ओढला. "मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. "घासून झालंय. तरी जरासा तुकडा काढून तपासायला पाठवते. दुखणार नाही. जखम भरली की ऑपरेशन करून सगळं आत नीट बसवता येतं." नर्स शांतम्मा शेजारी ट्रे धरून उभी होती. ती नळदुर्गाकडची, निम्मी कानडी, आणि तिला माणसांच्या भानगडींपेक्षा ट्रे सरळ राहण्याची जास्त काळजी. म्याडमच्या कपाळावर घाम का आला हे तिनं पंख्याकडं बघून ठरवून टाकलं. "घरात कुणाला सांगितलंय का मावशी?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारते. आज तो विचारताना आपण चोरून दार ढकलतोय असं तिला वाटलं.

"कुनाला सांगावं? मालक गेले. पोराला काय सांगावं, त्याला मातीतलं कळतंय. सून हाय."

"सून काय करते?"

चिमटा ट्रेमध्ये वाजला. मग पुन्हा तो चिरका आवाज, पण आता त्याच्यात ताठपणा आला, आडवी झालेली बाई पाट मांडून बसल्यासारखी झाली. "सून डॉक्टरीन हाय."

ज्ञानेश्वरीनं विचारायला नको होतं. हात काम करत होते, तोंड मोकळं होतं, आणि तोंडाला राहवलं नाही. "कशाची? हाडाची?"

"हाडाची कामून आसंल? अंगाची," म्हाळसाबाई म्हणाल्या. हा शब्द ज्ञानेश्वरीनं त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "ह्याचीच. ह्येच बगती ती, दुसरं न्हाय. उस्मानाबादेत तिच्यावानी एक न्हाय. लातूर सोलापुराहून बाया येतेत गाड्या करून. राती-बेराती फोन येतेत, म्या उचलते, म्हनते थांबा, जेवायली. तुमी बी चांगल्या हाव बाई, पर तिची सर न्हाय यायची तुमाला. तुमी राग मानू नका."

"नाही मानत," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिला एकदम उभं राहून शाळेची घंटा वाजवावीशी वाटली. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातून सत्कार झाला होता तेव्हा शालीचं लेबल मानेला टोचत होतं एवढंच तिला आठवतं. इथं ती वाकलेली, पाठ दुखतेय, हातात चिमटा, आणि तिच्या पाठीमागं, तिच्याच तोंडावर, तिच्याहून मोठी कुणीतरी उभी केली जात होती. आणि त्यात गंमत अशी, की तिला त्या धाराशिवच्या डॉक्टरणीचा किंचित हेवा वाटला. "एवढी मोठी आहे तर मग तिलाच का नाही दाखवलं?"

"आवो, कसं दाखवावं? सकाळी उठून तिला तोंड दाखवायचं आस्तंय मला. सुनंनं सासूचं ह्ये बगितलं, मग म्या तिला भाजीत मीठ जास्त झालं म्हून कोनत्या तोंडानं म्हनावं? तुमचं काय, तुमी आज हाव, उद्या न्हाय."

ज्ञानेश्वरी यावर विचार करत राहिली. वैद्यकीय पुस्तकांत बाया डॉक्टरकडं उशिरा का येतात याची कारणं दिलेली असतात. लाज, अंतर, पैसा, अज्ञान. मीठ कुठंच नव्हतं. पण हे कारण तिला बाकी सगळ्यांपेक्षा पटलं. त्या घरात म्हाळसाबाईंकडं उरलेलं राज्य तेवढंच होतं, मिठाचं, आणि ते त्या सोडणार नव्हत्या. तिला स्वतःलाही त्यांनी ते सोडलेलं नको होतं. तिनं औषध लावलेली लांब पट्टी घडी करत आत बसवली, अंग वर गेलं, जागेवर राहिलं, आणि पदराखालून एक मोठा श्वास सुटला. कितीतरी वर्षांत या बाईला आपलं सगळं आपल्याच आत असल्याचं वाटलं नसेल. "ही पट्टी परवा बदलायची," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आपल्या हातानं काढायची नाही. तशीच राहिली तर आत खराब होईल."

"परवा तुमी इथं हाव का?"

"नाही. मी एकदम पुढच्या महिन्यात."

"मग कोन बदलील?"

"डॉक्टरच बदलेल. एवढी मोठी सून आहे म्हणता." एवढं बोलून तिनं पाठ फिरवली आणि हात धुवायला लागली. पेशंट उठताना ती नेहमीच पाठ फिरवते, पण आज साबण दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मागं बाकं करकरली, बांगड्या वाजल्या, चपला शोधल्याचा आवाज झाला. "येते मग," चिरका आवाज म्हणाला. "या मावशी," ती नळाला म्हणाली. तिला कळत होतं, की आपण मुद्दाम एक गाठ मारली आहे. परवापर्यंत म्हाळसाबाईंना कुणाशी तरी बोलावं लागेल. आणि नाही बोलल्या तर पट्टी आत कुजेल किंवा तिला हे सोंग मोडावं लागेल, आणि सोंग मोडलं की बाई हातची जाईल. शिबिराच्या उरलेल्या सगळ्या बाया तिनं तपासल्या, त्या प्रत्येकीचं तिला सगळं नीट कळलं, आणि त्या प्रत्येकीत तिला परवाचा दिवस दिसला.

संध्याकाळी निघताना लोहाऱ्याच्या स्टँडवर धाराशिवची बस लागलेली होती, आणि खिडकीत, पदर डोक्यावर नीट घेऊन, म्हाळसाबाई बसलेल्या होत्या, सकाळी देवीला जाऊन येते म्हणून घराबाहेर पडलेल्या. बस तुळजापूरवरून जाते, म्हणजे खोटं तसं अर्धंच होतं. ज्ञानेश्वरीच्या गाडीत शांतम्मा पुढं बसली होती, मागची सीट रिकामी, गादीसारखी, आणि ती त्या बाईला चल म्हणू शकत नव्हती. तिनं बस सुटू दिली आणि तिच्या मागं गाडी लावली. मग एक चमत्कारिक प्रवास सुरू झाला. बस थांबली की गाडी थांबायची. बसनं माणसं घेतली, शेरडू घेतलं, एका नवरदेवाचं कपाट टपावर घेतलं, गाडी मागं उभी. बस खड्ड्यात उतरली की ज्ञानेश्वरी स्टिअरिंग घट्ट धरून आपलंच अंग आवळून घ्यायची, जणू इथून आवळलं तर तिकडं पट्टी जागेवर राहील. "म्याडम, ओव्हरटेक करा की," शांतम्मा म्हणाली. "रस्ता मोकळा हाय." "धूर बघतेय," ज्ञानेश्वरी म्हणाली. शांतम्मानं धुराकडं बघितलं. त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही. तुळजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं फेरीवाल्याकडून कुंकवाची पुडी आणि पेढे घेतले. पुरावा. ज्ञानेश्वरीला त्या हाताचं इतकं कौतुक वाटलं, की तिला हसू आवरेना. गुन्हा करावा तर असा, प्रसादासकट. तिला वाटलं, आपण जिल्ह्यातल्या बायांना धीट केलं म्हणून मिरवत होतो. आणि ही बाई, सत्तरीला टेकलेली, दुसरीचं नाव घेऊन, आवाज बदलून, एवढ्या लांब एकटी आली, तपासून घेतलं, दवाखान्याची डॉक्टर घरात असताना तिला न दुखवता आणि स्वतः न वाकता. यात भित्रं काय होतं? हे सगळं बोर्डावर छापण्यासारखं होतं, धनाजी लाजला नसता तर. धाराशिवात शिरल्यावर तिनं शांतम्माला सोडलं आणि गावाला विनाकारण एक वेढा मारला, म्हणजे सासूबाई आधी घरी पोचाव्यात, त्यांनी हातपाय धुवावेत, आणि सून आल्यावर त्यांना देवीहून कधीच्याच परतल्यासारखं दिसता यावं.

त्या रात्री सगळ्यांना पेढा मिळाला. रणधीरनं विचारलं, गर्दी होती का, आणि म्हाळसाबाई म्हणाल्या, "हुती. नंबर लागला पर लवकर." ज्ञानेश्वरीनं पेढा खाल्ला. दुसरा दिवस गेला. म्हाळसाबाई बसताना हात टेकायच्या थांबल्या आणि एकदम सरळ बसल्या, मग आपल्याच सरळ बसण्याचं आश्चर्य वाटून इकडं तिकडं बघितलं. बोलल्या मात्र काही नाहीत. ज्ञानेश्वरी दवाखान्यात गेली, परत आली, जेवताना त्यांच्याकडं न बघायचा इतका प्रयत्न केला, की रणधीरनं विचारलं, मान आखडलीय का. पहाटे तो खोकला आला, नेहमीसारखा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला घाम फुटला. आज परवा होता. चहा झाला, डबा झाला, रणधीर मोठं डोकं हेल्मेटमध्ये कोंबून कॉलेजला गेला. ज्ञानेश्वरीनं पर्स घेतली, ठेवली, पुन्हा घेतली, चपला घातल्या, चावी सापडत नसल्याचं नाटक केलं, आणि चावी तिच्या हातातच होती. म्हाळसाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. ती आता बोलून टाकणारच होती. सोंग राहू दे, राग येऊ दे, लेकीकडं जाऊ दे, पण पट्टी बदलून.

"लोहाऱ्याला एक डॉक्टरीन येती म्हनं," म्हाळसाबाई मेथीला म्हणाल्या.

"हो का," ज्ञानेश्वरी म्हणाली. चपला घालूनच ती उंबऱ्यापाशी बसली आणि तिनंही एक जुडी उचलली.

"मला एका बाईनं नेलं हुतं. देवीच्या वाटंवरच हाय." लोहारा देवीच्या वाटेवर नाही, कुठल्याच देवीच्या नाही. "तिनं बगितलं. आत पट्टी घातली. आज बदलायची म्हनली. एक तुकडा बी काढलाय. कशापायी काढला आसंल?"

"खात्री करून घ्यायला. मी असते तर मीही काढला असता."

"आसं का?" म्हाळसाबाईंनी एक काडी मोडली. "म्हंजी बरोबर केलंय तिनं."

"बरोबर केलंय."

"हाताला हलकी हाय तशी. बोलायला जरा आगाव हाय." ज्ञानेश्वरीनं मान खाली घालून पिवळी पानं बाजूला काढली. "मग आता पट्टी? तिकडं जावं का?"

"पट्टी मी बदलते की आई. पट्टीला घरचं माणूस चालतं."

"आन् आपरेशन म्हनत हुती. ते?"

इथं ज्ञानेश्वरी जरा थांबली. हातातल्या मेथीचा वास बोटांना लागला होता. शांतपणे, जशी ती पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तशी, ती म्हणाली, "ऑपरेशन घरच्या माणसाचं आम्ही करत नाही. हात जड होतो. ते त्या बाईंकडूनच करून घ्या."

म्हाळसाबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाळापासून चपलांपर्यंत, मग परत वर. डोळ्यांत काय होतं ते ज्ञानेश्वरीला वाचता आलं नाही; तिला काठ वाचायची सवय. "ती हिकडं येईल का?"

"मी सांगितलं तर येईल."

"वळखीची हाय व्हय तुझ्या?"

"आहे थोडीफार."

"चांगली हाय ना पर? का उगं बोर्डावर फोटू?"

ज्ञानेश्वरीच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. "चांगली आहे, आई," ती म्हणाली. "या कामात आपल्या जिल्ह्यात तिच्यासारखी दुसरी नाही."

म्हाळसाबाईंनी मान डोलावली, पटल्यासारखी, किंवा हे आपल्याला कधीचंच माहीत असल्यासारखी. निवडलेली मेथी टोपलीत टाकली, देठं झाडली. "मग त्या दिशी माज्यासंगट दवाखान्यात कोन ऱ्हाईल?"

"मी राहीन."

"आन् ती?"

"ती पण राहील."

"मग दोघी बी या," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि पट्टी बदलून घ्यायला आपल्या खोलीकडं निघाल्या.